पंधरा फुटांवरून, खालून

बास्केटबॉलपटू शकील ओनीलने, म्हणजे शॅकने, जुन्या पिढीतल्या रिक बॅरी या खेळाडूला दिलेलं एक उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. बॅरीचं म्हणणं साधं होतं : फ्री थ्रो (फाऊल झाल्यावर रेषेवरून मिळणारा, एका गुणाचा मोकळा फेक) खालून टाकून बघ, दोन्ही हातांनी. शॅकने सांगितलं, शून्य टक्के पडले तरी चालतील, पण तसा टाकणार नाही. आळशी माणसाचं उत्तर असतं तर सोडून देता आलं असतं. पण हा एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग चार वेळा जिंकलेला, ज्याच्या अंगावर तिघं लोंबकळली तरी बास्केट करून जाणारा माणूस. कारकिर्दीत त्याने ११,२५२ फ्री थ्रो घेतले आणि त्यातले ५,३१७ घालवले. आत गेले ते ५२.७ टक्के. प्रशिक्षक बदलले, सरावाच्या पद्धती बदलल्या, हात कुठे आणि कोपर कुठे यावर वर्षानुवर्षं खल झाला. एवढं सगळं करायची तयारी असलेला माणूस एका गोष्टीला मात्र हातही लावायला तयार नव्हता. बॅरी याबद्दल आज ऐंशी ओलांडल्यावरही तितक्याच तळमळीने बोलतो. त्याचा सूर पुष्कळांना आवडत नाही. मला त्याच्या बोलण्यातला त्रागा खरा वाटतो, कारण तो जे सांगतो ते त्याने स्वतः हजारो माणसांसमोर, रोज, पंधरा वर्षं करून दाखवलेलं आहे.

बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो हा एकच क्षण असा, की सगळं थांबतं. नऊ जण उभे राहतात आणि दहावा एकटा रेषेवर येतो. रेषेपासून बोर्ड पंधरा फुटांवर, रिमचा, म्हणजे बास्केटच्या कड्याचा, मध्य त्याच्याही अलीकडे, पावणेचौदा फुटांवर. रिम दहा फूट उंच. ही अंतरं ओकलंडमध्ये तीच, नागपाड्यात तीच. समोर कुणी हात वर करून उभं नाही. एनबीएत दहा सेकंद मिळतात, आंतरराष्ट्रीय नियमांत पाच. आणि तरीही हाच फेक माणसाला उघडा पाडतो. आत्ताच कुणाची तरी कोपरखळी बसलेली असते, श्वास वर आलेला असतो, बोटांना घाम असतो आणि चेंडूच्या दाणेदार चामड्यावर तो घाम नेमका जाणवतो. पाहुण्या संघाचा खेळाडू असेल तर बोर्डामागची माणसं हातात मिळेल ते हलवत असतात. धावताना विचार करायला वेळ नसतो, इथे असतो, आणि तोच घात करतो. बॅरी म्हणायचा की या खेळात पूर्ण स्वार्थी होऊनही संघाचं भलं करता येईल अशी ही एकच जागा आहे. फक्त आपला फेक आत जातो का एवढंच बघायचं. पुढे तो असंही सांगतो की पैसे घेऊन खेळणाऱ्या माणसाला इथे सत्तरच्या खाली राहण्याची सबब नाही. हे ऐकायला कडू लागतं, पण त्यात खोट काढता येत नाही.

आता तो टाकायचा कसा, ते नीट बघू.

दोन्ही पाय खांद्याइतके फाकवून, दोन्ही चवडे रेषेला समांतर ठेवून उभं राहायचं. वरून टाकणारा उजवा खेळाडू उजवा पाय किंचित पुढे ठेवतो. इथे तसं करायचं नाही, कारण दोन्ही बाजूंना सारखंच काम आहे. चेंडू दोन्ही बाजूंनी धरायचा, तळहात चेंडूला चिकटवायचे नाहीत, भार बोटांच्या पेरांवर. अंगठे वरच्या बाजूला, बाकीची बोटं कडेने खाली गेलेली. मग हात सरळ खाली सोडायचे. खांदे पडू द्यायचे. चेंडू मांड्यांच्या पुढे लोंबता राहिला की गुडघे थोडे वाकवायचे आणि उठता उठता हात खांद्यातून वर आणायचे, कोपर जवळजवळ सरळ. चेंडू छातीच्या पुढे येऊन गेला की मनगटांनी हलकासा वरचा झटका द्यायचा आणि दोन्ही हातांतून एकाच क्षणी सोडून द्यायचा. चेंडू वर जाताना स्वतःभोवती उलटा, म्हणजे फेकणाऱ्याच्या दिशेने फिरत राहिला पाहिजे. नेम रिमच्या पुढच्या कडेच्या जरासा पलीकडे. बॅरी याचं एक कारण फार साधं सांगतो. माणूस चालतो तेव्हा हात वर धरून चालत नाही, हात खाली लोंबतात. थकलेल्या शरीराला जी स्थिती आपोआप जमते तिथूनच फेक सुरू होतो. चौथ्या क्वार्टरच्या शेवटी, पाय जड झालेले असताना, याची किंमत कळते.

वरून टाकताना घोटा, गुडघा, कंबर, खांदा, कोपर, मनगट, बोटं ही सगळी साखळी ओळीने चालावी लागते, आणि ती जवळजवळ एका हाताच्या भरवशावर. कोपर जरा बाहेर गेलं की चेंडू डावीकडे-उजवीकडे. ज्यांचे हात खूप मोठे आहेत त्यांना तर चेंडू बोटांवर नीट बसतच नाही. बोटं त्याच्याभोवती गुंडाळली जातात आणि शेवटच्या क्षणी कुठलं बोट शेवटी सुटेल याचा भरवसा राहत नाही. उंच, धिप्पाड सेंटर (बास्केटजवळ खेळणारे) फ्री थ्रोला अडखळतात त्यामागे हे मोठं कारण आहे. खालून टाकताना कोपर आणि मनगट जवळजवळ मोजणीतून निघून जातात आणि झोका मुख्यतः खांद्याचा राहतो. दोन हात सारखे चालले तर दिशा चुकायला जागाच कमी उरते. राहतो तो फक्त लांब-आखूडचा प्रश्न.

तो सोडवायला फिरकी येते. रिमचा आतला व्यास ४५ सेंटीमीटरच्या आसपास, चेंडूचा २४. वरून सरळ बघितलं तर दोन चेंडू जवळजवळ शेजारी मावतील एवढी जागा. पण चेंडू सरळ वरून येत नाही, तिरका येतो, आणि तिरक्या चेंडूला तेच वर्तुळ चपटं दिसतं. ४५ अंशांत उतरणाऱ्या चेंडूला साधारण ३२ सेंटीमीटर जागा मिळते. ३२ अंशांवर ती २४ वर येते, म्हणजे कडेला न लागता आत जाणं अशक्यच. म्हणून कमान उंच हवी. आणि कडेला लागलाच, तर उलट्या फिरकीचा चेंडू घर्षणाने आपला पुढचा वेग गमावतो, जागच्या जागी मरतो आणि बऱ्याचदा आत पडतो. बिनफिरकीचा चेंडू त्याच कडेवरून उसळून समोरच्याच्या हातात जातो. बॅरीच्या चेंडूचा रिमवर पडतानाचा आवाजही वेगळा असायचा असं सांगतात, आणि त्यात नवल नाही. एक खरं, की खालून सोडलेल्या चेंडूला जास्त उंची चढायची असते, म्हणून जोर जास्त लागतो आणि जोरातली चूक थोडी मोठी होऊन दिसते. पण २०१७ साली एल. महादेवन आणि मधुसूदन वेंकदेसन यांनी फेकण्याच्या गणितावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही जवळच्या आणि खांद्याच्या वर असलेल्या लक्ष्यासाठी, सावकाश फेकायचं असेल तर, खालून टाकणं उजवं ठरलं.

बिघडतं कुठे, हेही सांगायला हवं, कारण दोन दिवस करून ‘हे काही जमत नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ. सगळ्यात पहिली चूक म्हणजे सवयीचा हात जास्त जोर लावतो. मग चेंडू उलटा फिरण्याऐवजी तिरका फिरतो आणि रिमला लागला की बाजूला पळतो. चेंडूवरच्या शिवणी आडव्या धरल्या तर हवेत त्या सरळ फिरतात की डगमगतात ते लगेच दिसतं. सरावासाठी याहून चांगलं माप नाही. दुसरी चूक मनगटं घट्ट ठेवण्याची. चेंडू मग मेल्यासारखा वर जातो, फिरकी नाही, आणि बोर्डावर आपटून परत येतो. तिसरी, हात पायांच्या मधून फार मागे नेणं. झोका जितका मोठा तितकी वेळ चुकण्याची शक्यता मोठी. चेंडू गुडघ्यांच्या मागे जायचं काही काम नाही. चौथी, सोडायची वेळ. लवकर सोडला तर चपटा जाऊन पुढच्या कडेवर आपटतो, उशिरा सोडला तर डोक्यावर उंच चढून आखूड पडतो. पहिल्या दिवशी रेषेवरून टाकूच नये. रिमपासून पाच-सहा फुटांवर उभं राहून नुसती फिरकी बसवावी, मग पाऊल-पाऊल मागे यावं. आणि ज्याचे वरून ऐंशीच्या वर पडतात त्याने या भानगडीत पडू नये. स्टीव्ह नॅश, स्टेफन करी हे वरून टाकूनच नव्वदीत पोचले. ही पद्धत साठीच्या खाली अडकलेल्यांसाठी आहे, आणि नेमके तेच तिला हात लावत नाहीत.

बॅरीला हे त्याच्या वडिलांनी शिकवलं. न्यू जर्सीतल्या रोझेल पार्क गावात वाढलेला मुलगा, वडील स्वतः खेळलेले आणि शिकवणारे. मुलाने आधी साफ नाही म्हटलं, कारण खालून मुली टाकतात. वडिलांनी पिच्छा सोडला नाही. पोरगं शाळेच्या शेवटच्या वर्षांत असताना अखेर राजी झालं. पुढची हकिगत बॅरी स्वतः सांगतो. परगावच्या एका सामन्यात प्रेक्षकांतला एक जण हिणवायला लागला, तेव्हा त्याच्या शेजारचाच त्याला म्हणाला, अरे, हसतोस कशाला, त्याचा एकही चुकत नाही. मला या हकिगतीत त्या हिणवणाऱ्यापेक्षा वडिलांचं जास्त नवल वाटतं. हट्टी मुलाच्या बापाला त्याच्याहून हट्टी व्हावं लागतं, आणि तो हट्ट टक्केवारीवर उभा असेल तर मुलगा कधीतरी ऐकतो. पुढे मायामी विद्यापीठातर्फे खेळताना १९६५च्या हंगामात त्याने सामन्यागणिक ३७.४ गुण काढले आणि तो देशात पहिला आला. १९६६-६७च्या एनबीएत ३५.६ काढून तिथेही पहिला. नंतर एबीए या दुसऱ्या लीगमध्येही पहिला. तिन्ही ठिकाणी गुणांत अव्वल आलेला तो एकटाच. शेवटचे दोन हंगाम ह्यूस्टनमध्ये, वय चौतीस-पस्तीस. पहिल्यात १६९ पैकी १६०, दुसऱ्यात १५३ पैकी १४३. दोन हंगामांत मिळून फक्त एकोणीस चुकले.

विल्ट चेंबरलेनचं प्रकरण मात्र अस्वस्थ करतं.

२ मार्च १९६२. पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटच्या गावात न्यूयॉर्क निक्सविरुद्ध चेंबरलेनने एका सामन्यात १०० गुण केले. तो आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्यातले २८ गुण फ्री थ्रोचे होते, ३२ पैकी २८, आणि ते त्याने खालून टाकले होते, हे कमी जणांना ठाऊक असतं. जो माणूस आयुष्यभर या रेषेवर धडपडला, त्याने त्या रात्री साडेसत्त्याऐंशी टक्के टाकले. त्या अख्ख्या हंगामात त्याचं प्रमाण ६१ टक्क्यांच्या वर होतं, त्याच्यासाठी सर्वांत चांगलं. आणि मग त्याने ते सोडून दिलं. हात दुखत नव्हता, कुणा प्रशिक्षकाने बंदी घातली नव्हती. नंतर आत्मचरित्रात त्याने कबूल केलं की तसं टाकताना आपण बायकी दिसतो असं त्याला वाटायचं. आपलं चुकलं हे ठाऊक होतं, तरी पुन्हा तसं करणं जमलं नाही. १९६८ साली संपलेल्या हंगामात तो ३८ टक्क्यांवर आला. कारकिर्दीची सरासरी ५१.१. सात फूट उंचीचा, ज्याच्या ताकदीच्या गोष्टी अजून सांगतात, असा माणूस चार सेकंद कसं दिसायचं याला घाबरला. मी त्याला दोष देऊ शकत नाही. वीस हजार डोळे एका जागी रोखलेले असताना शरीराला काय वाटतं, ते पेपरवरच्या टक्केवारीने कळत नाही.

१९६७च्या अंतिम मालिकेत हे दोघं समोरासमोर आले. चेंबरलेन फिलाडेल्फियाकडून, बॅरी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सकडून. म्हणजे ज्या संघातून चेंबरलेन दोन वर्षांपूर्वी गेला होता त्याच संघाचा हा नवा हिरा. बॅरीने मालिकेत सामन्यागणिक ४० च्या वर गुण काढले, एका सामन्यात ५५. मालिका चेंबरलेनच्या संघाने सहा सामन्यांत जिंकली. त्या हंगामात एकाचे फ्री थ्रो ४४ टक्के, दुसऱ्याचे ८८. दुप्पट! एकाच मैदानावर, एकाच रेषेवर उभे राहून. विल्टने त्या मालिकेत बॅरीचे हात जवळून बघितले असतील, लेनच्या कडेला उभं राहून, दर वेळी. तरी काही बदललं नाही.

बॅरीचं तोंडही त्याच्या फ्री थ्रोइतकंच गाजलं, आणि इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. १९६७मध्ये नव्या एबीए लीगचा ओकलंडचा संघ चांगले पैसे देत होता आणि प्रशिक्षक होते त्याचे सासरे, मायामीतले त्याचे गुरू ब्रूस हेल. तो उघडपणे निघून गेला. तेव्हा खेळाडू करार संपला तरी जुन्या संघाला बांधलेला राहायचा. कोर्टाने त्याला एक अख्खा हंगाम खेळू दिलं नाही आणि तो बाहेर बसला. खेळाडूंना मोकळीक मिळवून देणारी तडजोड कोर्टात झाली ती १९७६ साली, ऑस्कर रॉबर्टसनच्या दाव्यातून. बॅरीने सोसलेली झीज त्याच्या कितीतरी आधीची, आणि त्याचं श्रेय त्याला फारसं कुणी देत नाही. मग संघ व्हर्जिनियाला हलला तेव्हा त्याला जायचं नव्हतं, आणि एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकात त्याने आपली मुलं दक्षिणेकडच्या लकबीत बोलायला लागलेली आपल्याला नकोत अशा अर्थाचं बोलून टाकलं. अख्खं राज्य दुखावलं, संघाने त्याला विकून टाकलं, आणि त्याला तेच हवं होतं. पण ज्यांना लागलं त्यांना लागलंच. सहकाऱ्यांवर तो मैदानातच वैतागायचा. पास चुकला की हात पसरून उभा राहायचा, पंचांकडे बघून तोंड वाकडं करायचा. स्वतःला जे दिसतं ते इतरांना का दिसत नाही, हे त्याला कधी समजलं नाही.

१९७५ त्याचं वर्ष. हंगामात ३०.६ची सरासरी, आणि अंतिम फेरीत वॉशिंग्टन बुलेट्सला चार शून्य. कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. वॉरियर्सचं स्वतःचं मैदान त्या आठवड्यात बर्फावरच्या नाचाच्या कार्यक्रमाला दिलेलं होतं, म्हणून घरचे सामने काऊ पॅलेसमध्ये झाले. यावरून संघ तिथवर पोचेल असं त्यांच्या गावातही कुणी धरलं नव्हतं हे कळतं. चौथ्या सामन्यात बुलेट्सच्या माइक रिऑर्डनने बॅरीला जोरात धरलं. बॅरी हाणामारीत पडून बाहेर जावा असा त्यामागचा हेतू असावा असं तेव्हाही बोललं गेलं. प्रशिक्षक ॲल ॲटल्स धावत मध्ये पडले आणि बॅरीऐवजी तेच बाहेर गेले. आपल्या सर्वांत तापट माणसासाठी प्रशिक्षकाने स्वतः बाहेर जाणं, हे मला त्या विजेतेपदाइतकंच मोठं वाटतं. आणि पुढच्याच वर्षी फीनिक्सविरुद्धच्या सातव्या सामन्यात सुरुवातीलाच रिकी सोबर्सशी त्याची मारामारी झाली, तेव्हा कुणी पुरेसं मदतीला आलं नाही. उत्तरार्धात बॅरीने रागाने बास्केटकडे फेकणंच सोडलं असं म्हणतात. तो हे आजवर नाकारत आला आहे. वॉरियर्स ८६-९४ असे घरच्या मैदानावर हरले. खरं काय ते त्याच्या मनाला ठाऊक. पण अशी गोष्ट ज्याच्याबद्दल सहज पसरते आणि सगळ्यांना पटते, त्या माणसाने भोवती काय पेरलं होतं हेही दिसतं.

आणि १९८१. टीव्हीवर अंतिम मालिकेचं समालोचन, शेजारी माजी खेळाडू बिल रसेल. पडद्यावर रसेलचा तरुणपणीचा फोटो आला आणि बॅरीने त्याच्या हसण्याला कलिंगडाची उपमा दिली. अमेरिकेत काळ्या माणसाच्या तोंडाशी कलिंगड जोडण्यामागे शंभर वर्षांची हेटाळणी आहे. त्याने माफी मागितली, त्यामागचा अर्थ माहीत नव्हता असं सांगितलं. वाहिनीने त्याचा करार पुढे नेला नाही. एनबीएत मुख्य प्रशिक्षक म्हणूनही त्याला कधी कुणी बोलावलं नाही. मी त्याच्या बाजूने बोलायला बसले तरी इथे थांबते. माहीत नव्हतं हे खरं धरलं, तरी ज्या खेळात आपण अर्धं आयुष्य काळ्या सहकाऱ्यांबरोबर काढलं, त्या माणसांना काय लागतं हे माहीत नसावं? लोक काय म्हणतील याची पर्वा न करणं हा गुण रेषेवर उभं असताना सोन्याचा. माईकसमोर, समोरच्या माणसाच्या बाबतीत, तोच गुण आंधळा होतो. बऱ्याच वर्षांपासून माझा समज असा होता की ही एकाच मुळाची दोन फळं आहेत. बॅरीचा फ्री थ्रो हवा असेल तर बॅरीचं तोंडही घ्यावं लागेल, आणि म्हणूनच त्याच्यामागे कुणी गेलं नाही.

पण आपल्याकडच्या एखाद्या मैदानावर सकाळी उभं राहिलं की हा समज डळमळतो. सिमेंटचं कोर्ट, दहा फुटांवर रिम, सात-आठ वर्षांची पोरं. चेंडू त्यांच्यासाठी जड असतो, म्हणून ती काय करतात? दोन्ही हातांत धरून गुडघ्यांमधून वर भिरकावतात. कुणी शिकवलेलं नसतं. आपलं शरीर त्यांना सांगतं की जड वस्तू वर पोचवायची तर अशी. बांधकामावर विटा पहिल्या मजल्यावर झेलायला देणारा मजूर तरी काय करतो. वीट खालून वर झुलवतो, ती वरच्याच्या हातात अलगद थांबते. आणि मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात शिकवणारा येतो आणि म्हणतो, असं नाही, हात वर घे. मैदानी फेकीसाठी ते बरोबरच आहे. समोर कुणी हात वर करून उभं असेल तर खालून टाकलेला चेंडू छातीवरच अडेल. पण फ्री थ्रोला समोर कुणी नसतं. एकच फेक त्या मुलाकडे राहू द्यायला हरकत नव्हती. पुढे त्यातलीच काही उंच, जाड हाताची पोरं शालेय स्पर्धेत रेषेवर उभी राहून आठातले तीन टाकतात, आणि बाकावरून ‘कोपर आत, कोपर आत’ असा ओरडा चालू असतो. ती पोरं तोंडाने काही वाईट बोलत नाहीत, कुणाला हिणवत नाहीत. खालून टाकायला त्यांना बॅरीसारखं फटकळ असायची मुळीच गरज नाही. त्यांना फक्त कुणीतरी परवानगी द्यायला हवी.

व्यवहाराच्या बाजूनेही बघा. दोन फ्री थ्रो, ५२.७ टक्के, म्हणजे सरासरी जेमतेम १.०५ गुण. एनबीएतला संघ तेव्हा एका चढाईत जवळपास तेवढेच काढायचा. म्हणून शॅकला मुद्दाम फाऊल करणं फायद्याचं ठरत होतं, आणि त्याच्या नावाने ती युक्ती ओळखली गेली. डॅलसचे प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी ती आधी शिकागोच्या डेनिस रॉडमनवर वापरून पाहिली, डिसेंबर १९९७मध्ये. बबा वेल्स नावाच्या खेळाडूला फक्त फाऊल करायला पाठवलं आणि तो तीन मिनिटांत सहा फाऊल करून बाहेर गेला. रॉडमनने त्या दिवशी १२ पैकी ९ टाकले आणि डाव उलटला. तेच आकडे सांगतात की सत्तर टक्क्यांवर दोन फेकींचे १.४ गुण होतात आणि ही युक्ती खलास होते. सतरा टक्क्यांचा फरक, एवढंच. तेवढ्यासाठी सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत जगातल्या सर्वांत ताकदवान सेंटरला बाकावर बसवावं लागायचं, आणि तो बाहेर बसलेला बघणं त्याच्या चाहत्यांना किती जाचायचं ते त्या काळात सामने बघितलेल्यांना विचारा.

काही जणांनी ऐकलं. लुईव्हिल विद्यापीठात चिनानू ओनुआकू पहिल्या वर्षी ४६.७ टक्क्यांवर होता. प्रशिक्षक रिक पिटिनोने खालून टाकायला सांगितलं, दुसऱ्या वर्षी ५८.९ झाले. २०१६च्या डिसेंबरात ह्यूस्टनतर्फे पहिल्या सामन्यात त्याने दोन्ही खालून टाकले, दोन्ही आत. बॅरीच्या मोठ्या चार मुलांपैकी मात्र एकानेही ही पद्धत उचलली नाही. त्यातल्या ब्रेंटने तर १९९६च्या डंक (उडी मारून चेंडू रिममध्ये कोंबण्याच्या) स्पर्धेत याच फ्री थ्रोच्या रेषेवरून उडी मारून बक्षीस मिळवलं. बापाचं घराणं आणि त्याच रेषेचा असा उपयोग! उचलली ती धाकट्या कॅनियनने. आणि माझा तो जुना समज त्यानेच मोडला. कॅनियन चार्ल्स्टनला भौतिकशास्त्र शिकला, मग फ्लोरिडात न्यूक्लिअर इंजिनीअरिंग. बोलायला सौम्य, सहकाऱ्यांचा लाडका. २०१६-१७मध्ये फ्लोरिडातर्फे त्याने ८८ टक्क्यांच्या वर टाकले. परक्या मैदानावर त्याने चेंडू खाली नेला की हशा व्हायचा, आणि तो निवांत टाकत राहायचा. बापाचा हात त्याने घेतला, जीभ नाही घेतली. असं वेगळं काढता येतं हे त्याच्याकडे बघून कळलं.

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो अमेरिकेच्या थ्री-बाय-थ्री (तिघांविरुद्ध तिघं) संघात होता. त्या खेळात फ्री थ्रोचं वजन आणखी वाढतं. दहा मिनिटांचा सामना, किंवा आधी २१ गुण करणारा जिंकतो. आतली बास्केट एका गुणाची, फ्री थ्रोही एका गुणाचा. सहा सांघिक फाऊल झाले की पुढच्या प्रत्येकाला दोन फेक, आणि दहाव्यापासून दोन फेक अधिक चेंडूही परत. एकवीसमधले दोन गुण म्हणजे लहान गोष्ट नव्हे. अमेरिकेचा संघ तिथे सातातले दोनच जिंकून बाद झाला, मुख्य नेमबाज जिमर फ्रेडेट दुखापतीने बसला आणि गणित कोलमडलं. बॅरी म्हातारपणी पिकलबॉल खेळतो, भेटेल त्या प्रशिक्षकाला अजून तेच सांगतो, आणि एनबीएत या घडीला तीसही संघांतला एकही नियमित खेळाडू खालून टाकत नाही. साठीच्या खाली अडकलेले सेंटर दर हंगामात असतात. त्यांतल्या एकाने पुढच्या सुट्टीत तीन महिने, रिमपासून पाच फुटांवरून सुरुवात करून, शिवणी आडव्या धरून, टाकून बघावं.